बिघाडाचा माग

यंत्र चालू असते, तोवर आपले त्याच्याकडे फारसे लक्ष नसते. ते बंद पडले, म्हणजे मात्र आपल्याला त्याची खरी किंमत कळते. अशा प्रसंगी माणसांचे तीन प्रकार दिसून येतात. पहिला माणूस यंत्राला हलवतो, ठोकतो, आणि ते चालले नाही म्हणजे नशिबाला दोष देतो. दुसरा माणूस अंदाजाने एकामागून एक सुटे भाग बदलत सुटतो. त्याचे यंत्र कधी सुरू होते, कधी होत नाही. खिसा मात्र खात्रीने रिकामा होतो. तिसरा माणूस प्रथम स्वस्थ उभा राहतो, नीट पाहतो, आणि मग यंत्राला एकेक प्रश्न विचारू लागतो. यंत्राला वाचा नाही हे खरे. परंतु प्रश्न नेमका असेल, तर ते त्याचे नेमके उत्तर देते. ह्या तिसऱ्या माणसाची रीत कशी असते, हे आज आपणांस पाहावयाचे आहे.

त्यासाठी एखादा मोठा कारखाना पाहण्याची गरज नाही. सायकलच्या डायनमोवर सेल चार्ज करणारी एक लहानशी जोडणी आपल्याला पुरेशी आहे. तिच्यात वस्तू थोड्या, तारा थोड्या. तथापि ती बिघडली, म्हणजे जाणत्यालाही विचार करावयास लावते.

प्रथम ही जोडणी चालते कशी, ते समजून घेऊ. कारण जे चालते कसे हे ठाऊक नाही, ते का चालत नाही हे कळणार कसे?

मायकेल फॅरडे हा एका इंग्रज लोहाराचा मुलगा. लहानपणी त्याने पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी केली आणि तेथे बांधावयास येणारी पुस्तके वाचून त्याला विज्ञानाची गोडी लागली. पुढे लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये काम करीत असताना चुंबकापासून वीज मिळवता येईल काय, हा प्रश्न त्याच्या मनात घोळू लागला. त्याचे आरंभीचे प्रयोग फसले. पण फसलेले प्रयोगही त्याने आपल्या नोंदवहीत लिहून ठेवले. अखेर १८३१ च्या ऑगस्ट महिन्यात त्याला यशाचा मार्ग दिसला. लोखंडी कड्यावर त्याने तारेची दोन वेटोळी गुंडाळली होती. एका वेटोळ्यातील प्रवाह सुरू करताच व बंद करताच दुसऱ्या वेटोळ्याला जोडलेली सुई क्षणभर हलली. प्रवाह स्थिर असताना मात्र ती हलत नव्हती. त्याच वर्षाच्या ऑक्टोबर महिन्यात त्याने तारेच्या वेटोळ्यात चुंबक आतबाहेर केला, तेव्हाही सुई हलली. चुंबक नुसता जवळ असून भागत नाही, त्यात हालचाल व्हावी लागते, हे त्यावरून स्पष्ट झाले.

सायकलचा डायनमो हे त्याच शोधाचे एक धाकटे अपत्य आहे. त्याच्या डोक्यावरील खाचांची चकती टायरला टेकलेली असते. चाक फिरले, की चकती फिरते. चकतीबरोबर आतला चुंबक फिरतो. आणि चुंबकाभोवती असलेल्या तांब्याच्या तारेच्या वेटोळ्यात वीज निर्माण होते. पुष्कळशा डायनमोंवर ‘६ व्होल्ट, ३ वॅट’ असा शिक्का असतो. ३ ला ६ ने भागले, म्हणजे ०.५ येतात, अर्थात असा डायनमो सुमारे अर्धा अँपिअर प्रवाह देतो. सायकल फार जोरात पिटाळली, तरी हा प्रवाह फारसा वाढत नाही. कारण वेग वाढतो तसा वेटोळ्याचा प्रवाहाला होणारा विरोधही वाढत जातो.

ही वीज एक विशेष स्वभाव घेऊन येते. फिरणाऱ्या चुंबकाचे उत्तर व दक्षिण ध्रुव वेटोळ्यासमोरून आळीपाळीने जात असल्यामुळे प्रवाहाची दिशाही सारखी उलटसुलट होत असते. दिव्याला ह्या येरझाऱ्यांची पर्वा नसते. प्रवाह कोणत्याही दिशेने गेला, तरी बल्बची तार तापते व उजेड पडतो. सेलचे तसे नाही. त्यात वीज साठवावयाची असेल, तर प्रवाह एकाच दिशेने आत गेला पाहिजे. एका क्षणी भरावे आणि दुसऱ्या क्षणी उपसावे, अशाने हौद कधी भरेल काय?

म्हणून डायनमो व सेल ह्यांच्यामध्ये चार डायोड बसवतात. डायोड म्हणजे विजेचा एकमार्गी दरवाजा. तो प्रवाहाला एका दिशेने जाऊ देतो, उलट दिशेने अडवतो. हे चार दरवाजे अशा खुबीने मांडलेले असतात की, डायनमोतून प्रवाह ह्या तारेने येवो की त्या तारेने, सेलच्या धन टोकातून तो आत शिरतो आणि ऋण टोकातून बाहेर पडून डायनमोकडे परत जातो. प्रत्येक वेळी चारांपैकी दोन दरवाजे उघडतात व दोन बंद राहतात. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

आता थोडा हिशेब करू. निकेल-मेटल हायड्राइड जातीच्या एका सेलचा दाब १.२ व्होल्ट धरतात. परंतु चार्ज होत असताना तो १.४ व्होल्टच्या वर जातो. असे चार सेल एकापुढे एक जोडले, म्हणजे त्यांना सुमारे ५.६ ते ५.८ व्होल्ट लागतात. वाटेतले दोन साधे डायोड प्रत्येकी सुमारे ०.७ व्होल्ट आपल्यापाशी ठेवून घेतात. एकंदरीत ७ व्होल्टच्या आसपास दाब मिळाल्याखेरीज सेलमध्ये वीज शिरू लागत नाही. रमतगमत सायकल चालवणाऱ्याचे सेल भरत नाहीत, त्याचे कारण हेच. तो बिघाड नव्हे. तो त्या जोडणीचा धर्म आहे. बिघाड शोधू लागण्यापूर्वी मुळात बिघाड आहे काय, हे ठरवावे लागते.

आता एक उदाहरण घेऊ. एका खेडेगावात राहणारी विद्यार्थिनी ५ किलोमीटरांवरील शाळेत सायकलीने जात असे. जाण्यास २० मिनिटे व येण्यास २० मिनिटे लागत. गावात संध्याकाळच्या वेळी वारंवार भारनियमन असल्यामुळे तिने सायकलच्या मागील चाकाच्या डायनमोवर चार सेल चार्ज करण्याची सोय केली होती. रस्त्याने सेल भरावे, घरी आल्यावर त्यांवर एलईडीचा लहान दिवा लावावा आणि अभ्यास करावा, असा तिचा क्रम होता. दिवसाकाठी ४० मिनिटे ०.३ अँपिअर प्रवाह मिळाला, म्हणजे सेलमध्ये २०० मिलिअँपिअर-तास वीज शिरते. त्यातील सुमारे दोन-तृतीयांश, म्हणजे १३० मिलिअँपिअर-तास परत हाती येते असे धरू. तिचा दिवा ६५ मिलिअँपिअर घेत असे. तेव्हा तो बरोबर दोन तास जळावा. आणि तसा तो जळतही असे.

पुढे वार्षिक परीक्षा तोंडावर आली आणि नेमक्या त्याच वेळी दिवा एका तासातच मंद होऊन विझू लागला. सेल जुने झाले असतील असे वाटून तिने घरखर्चातून वाचवलेल्या पैशांत चार नवे सेल आणले. दिवा पुन्हा एकाच तासात विझला. कोणी सांगितले, “डायोड गेला असेल.” तिने चारही डायोड बदलले. दिवा तरीही एकच तास जळला. तेव्हा ती सायकल घेऊन आपल्या विज्ञानाच्या शिक्षकांकडे गेली.

शिक्षकांनी पक्कड हाती घेतली नाही. त्यांनी तिला वही काढावयास सांगितली.

“दिवा एक तास जळतो, असे तू म्हणतेस. कधी पाऊण तास, कधी दीड तास, असे होते का?”

“नाही, सर. रोज साधारण एकच तास.”

“मग चार्जर बंद पडलेला नाही. तो निम्मे काम करीत आहे. हे आधी लिहून ठेव. आणि असे कधीपासून होते आहे?”

“पंधरा दिवस झाले, सर.”

“पंधरा दिवसांपूर्वी सायकलीत काय बदलले?”

“काही नाही, सर. सेलची लाकडी पेटी तेवढी कुजली होती; म्हणून मी कॅरिअरवर स्क्रूने पत्र्याचा डबा बसवला.”

“तेही लिही. त्याचा संबंध आहे की नाही, हे आपल्याला अजून ठाऊक नाही. पण जे बदलले, ते वहीत असलेच पाहिजे.”

ह्या तीन प्रश्नांचे महत्त्व आपण ओळखले पाहिजे. ‘चालत नाही’ ह्या दोन शब्दांत बिघाडाचे वर्णन होत नाही. किती चालत नाही, केव्हापासून चालत नाही आणि त्याआधी काय घडले, हे विचारल्यावरच वर्णन पुरे होते. वैद्यसुद्धा औषध देण्यापूर्वी दुखणे केव्हा व कसे सुरू झाले, हेच विचारतो.

त्यानंतर शिक्षकांनी तिला शेतातला एक दाखला दिला. पाटाला पाणी सोडलेले आहे आणि शेवटचा वाफा मात्र कोरडा आहे, अशा वेळी शेतकरी काय करतो? तो सगळा पाट नव्याने खणत बसत नाही. तो पाटाच्या मध्यावर जाऊन पाहतो. तेथे पाणी असेल, तर ते पुढच्या अंगाला फुटले आहे. नसेल, तर मागच्या अंगाला. एका खेपेत अर्ध्या पाटाचा निकाल लागतो. उरलेल्या अर्ध्याच्या मध्यावर पुन्हा तसेच पाहावे, म्हणजे फुटलेली जागा लवकरच सापडते. विजेची वाटही अशीच तपासावी.

सायकल मागील स्टँडवर उभी केली, म्हणजे मागचे चाक जमिनीपासून उचलले जाते व हाताने पायडल फिरवून डायनमो चालवता येतो. एका विद्यार्थ्याला मिनिटाला ४५ फेरे ह्या बेताने पायडल फिरवण्यास सांगितले. मोठ्या चाकांच्या साध्या सायकलीवर ह्या बेताने ताशी १४ ते १५ किलोमीटर वेग येतो, म्हणजे ती मुलगी रोज ज्या वेगाने शाळेत येत असे, तोच. वेग सारखा ठेवण्याचे कारण उघड आहे. एकदा हळू व एकदा जोरात फिरवून घेतलेल्या मापांची तुलना करणे, म्हणजे दोन निरनिराळ्या मापांनी धान्य मोजण्यासारखे आहे.

पहिली तपासणी डोळ्यांनी केली. डायनमोची चकती टायरवर नीट टेकते काय, ती चिखलाने भरली आहे काय, चाक फिरताना ती घसरते काय, हे पाहिले. ओल्या टायरवर चकती पुष्कळदा घसरते आणि मग वीज कमी मिळते. येथे तसे काही नव्हते.

दुसरी तपासणी डायनमोची. चार्जरच्या तारा सोडवून डायनमोला ६ व्होल्टचा दिवा जोडला. तो स्वच्छ पेटला. दिवा न जोडता नुसत्या मल्टिमीटरने दाब मोजला असता, तर काय बिघडले असते? बिघडले असते ते असे की, ओझे नसताना डायनमो ६ व्होल्टांहून पुष्कळ अधिक दाब दाखवतो. तारेचा एकच बारीक तंतू शाबूत असला, तरीही मल्टिमीटर हा दाब दाखवील. कारण मल्टिमीटर प्रवाह जवळजवळ घेतच नाही. बैल सशक्त आहे की नाही, हे त्याला गाडीला जुंपल्यावर कळते; त्याचप्रमाणे विजेची वाट ओझे जोडूनच पारखावी.

तिसरी तपासणी डायोडांची. सेल काढून प्रत्येक डायोड मल्टिमीटरने दोन्ही बाजूंनी तपासला. चारही डायोड एका बाजूने वाट देत होते व दुसऱ्या बाजूने अडवत होते. सेलही चांगले होते. चारही सेलांचा दाब जवळजवळ सारखा भरला.

चौथी तपासणी चार्जरची. तो शाळेतील लाकडी मेजावर ठेवून ६ व्होल्टच्या लहान ट्रान्सफॉर्मरला जोडला. मेजावर त्याने आपले काम चोख बजावले.

आता मोठा पेच पडला. डायनमो चांगला, डायोड चांगले, सेल चांगले, मेजावर चार्जरही चांगला; आणि सायकलीवर मात्र काम निम्मे! अशा वेळी पुष्कळ लोक म्हणतात, “काहीच दोष दिसत नाही,” आणि हात टेकतात. पण दिवा एका तासात विझत होता, हे सत्य होते. ह्या सत्याकडे पाठ फिरवून चालणार नव्हते. सुटे भाग निर्दोष असतील, तर दोष त्यांच्या एकत्र येण्यात असला पाहिजे. मेजावर नव्हती आणि सायकलीवर होती, अशी कोणती गोष्ट आहे? प्रश्न आता एवढाच उरला.

पाचव्या तपासणीत चार्जर पुन्हा सायकलीवर बसवून सेलकडे जाणाऱ्या तारेत मल्टिमीटर जोडला आणि प्रवाह मोजला. तो ०.१५ अँपिअर भरला. ०.३ चे निम्मे! दिव्याचा वेळ निम्मा का झाला, हे आता आकड्यांनी सांगितले. पण उरलेला प्रवाह गेला कोठे? गुस्टाव्ह किर्खोफ ह्या जर्मन शास्त्रज्ञाने १८४५ साली एक नियम सांगितला आहे. तारांच्या जोडावर जितका प्रवाह येतो, तितकाच तेथून बाहेर पडतो. प्रवाह वाटेत नाहीसा होत नाही. एखाद्या वाटेने तो कमी जात असेल, तर दुसऱ्या कोणत्या तरी वाटेने तो जातच असतो. ती दुसरी वाट शोधावयाची होती.

विद्यार्थिनीने वही चाळली. ‘पत्र्याचा डबा’ हे शब्द तिच्या दृष्टीस पडले. तिने डब्याचा स्क्रू काढला आणि तारा तशाच जोडलेल्या ठेवून डबा हातात उचलून धरला. मल्टिमीटरवरील आकडा ०.१५ वरून ०.३ वर गेला. डबा कॅरिअरला टेकवला; आकडा ०.१५ वर आला. पुन्हा उचलला, पुन्हा ०.३. एकदा घडले ते योगायोगाने घडले असेल. म्हणून तिने हा प्रयोग तीन वेळा केला, आणि प्रत्येक वेळी तेच उत्तर मिळाले. बिघाडाची जागा सापडली होती.

आता त्याचे कारण पाहू. पुष्कळशा सायकलींवर डायनमोपासून एकच तार निघते. वेटोळ्याचे दुसरे टोक डायनमोच्या धातूच्या अंगाला जोडलेले असते, आणि ते अंग सायकलच्या लोखंडी सांगाड्याला कसलेले असते. अर्थात सायकलचा सांगाडा हीच डायनमोची दुसरी तार होय. आपल्याला ते नुसते लोखंड वाटते. विजेच्या दृष्टीने तो राजरस्ता असतो. लाकडी पेटी होती, तोवर सेल सांगाड्यापासून अलग होते. पत्र्याच्या डब्यात मात्र सेलच्या ऋण टोकाची पितळी पट्टी डब्याच्या तळाला टेकली. डबा कॅरिअरला, कॅरिअर सांगाड्याला आणि सांगाडा डायनमोला, अशी साखळी जुळली. आणि चार दरवाज्यांपैकी एका दरवाज्याला शेजारूनच आडवाट मिळाली.

त्याचा परिणाम असा झाला. प्रवाह डायनमोच्या तारेतून बाहेर येई, तेव्हा तो सेलमधून जाऊन सांगाड्यावाटे परत येई. त्या फेरीत सेल चार्ज होत. पण दिशा उलटली, म्हणजे सांगाड्यातून आलेला प्रवाह डब्याच्या वाटेने थेट ऋण टोकाच्या जोडावर पोहोचे आणि सेलकडे न वळता एकाच डायोडमधून डायनमोकडे परत जाई. दोन फेऱ्यांपैकी एक फेरी अशी व्यर्थ जात होती. डायनमोचा प्रवाह मुळातच अर्ध्या अँपिअरच्या आसपास थांबत असल्यामुळे काही जळले नाही, धूर निघाला नाही, वासही आला नाही. बिघाड मुकाट्याने अर्धा वाटा घेऊन जात होता.

दुरुस्तीला किती खर्च आला? मुळीच नाही. सायकलच्या जुन्या ट्यूबचा एक तुकडा कापून डब्याच्या तळाशी व कडांना बसवला, म्हणजे पट्टीचा पत्र्याशी संबंध तुटला. डबा कॅरिअरवर कसून पुन्हा प्रवाह मोजला; तो ०.३ भरला. दुसऱ्या दिवशी रात्री दिवा पुन्हा दोन तास जळला. जुने सेलही चांगलेच होते, हे आता कळून आले. नव्या सेलांचे पैसे मात्र परत येणार नव्हते. अंदाजाने केलेल्या दुरुस्तीची ती किंमत होती.

ह्या जोडणीत इतरही बिघाड होऊ शकतात आणि त्यांची लक्षणे निरनिराळी असतात. दिवाही पेटत नाही आणि सेलही भरत नाहीत, असे झाले, तर डायनमो, त्याची तार किंवा सांगाड्याशी असलेला त्याचा जोड ह्यांत दोष असावा. सांगाड्याला नवा रंग दिल्यावर किंवा जोडाखाली गंज चढल्यावर ही परतीची वाट तुटते. तेथे लोखंड घासून स्वच्छ करावे. दिवा पेटतो पण सेल भरत नाहीत, असे असेल, तर डायोडांपासून पुढे शोधावे. खडबडीत रस्त्यावर प्रवाह येतो-जातो, असे असेल, तर तार आवरणाच्या आत तुटलेली असण्याचा संभव असतो. ती चालू स्थितीत हलक्या हाताने वाकवत गेल्यास जागा सापडते. दिवा लावून सायकल चालवताना सेल कमी भरतात, हा बिघाडच नव्हे. तेथे एकाच भाकरीचे दोन वाटे होत असतात. सेल रात्री भरलेले आणि सकाळी रिकामे, असे होऊ लागले, तर सायकल उभी असताना त्यांतून कोण वीज घेत आहे, ते पाहावे. चार्जरवरील दर्शक दिवाही कित्येकदा असा चोर ठरतो.

हे काम करताना काही पथ्ये पाळावीत. फिरत्या चाकाच्या आऱ्यांजवळ बोटे, ओढणी किंवा सदऱ्याची बाही नेऊ नये. सेल न जोडता डायनमो जोरात फिरवू नये. कारण ओझे नसताना दाब फार वाढतो, आणि चार्जरमध्ये कपॅसिटर असेल, तर तो फुटण्याचा संभव असतो. कपॅसिटरची धन व ऋण टोके कधीही उलट जोडू नयेत. एकदाच वापरून टाकून द्यावयाचे सेल चार्ज करू नयेत. ते गळतात व फुटूही शकतात. लिथियम-आयन जातीचे सेल किंवा मोबाइल फोन ह्या साध्या जोडणीला मुळीच लावू नयेत. त्यांना दाब व प्रवाह नियंत्रणात ठेवणारी स्वतंत्र रचना लागते. वडीलधाऱ्या जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीच असे प्रयोग करावेत.

विद्यार्थिमित्रहो, ह्या पाठातील डायनमो कदाचित तुमच्या सायकलीवर नसेल. पण घरातला पाण्याचा पंप, शेतातली मोटार, आजीचे शिवणयंत्र, ह्यांपैकी काही ना काही केव्हा तरी अडणारच. त्या वेळी ‘दोष कोणाचा?’ असे विचारू नका. ‘दोष कोठे आहे?’ असे विचारा. पहिल्या प्रश्नाने भांडण सुरू होते, दुसऱ्याने शोध सुरू होतो. काय बदलले, ते आठवा. वाटेच्या मध्यावर जाऊन पाहा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि जे दिसेल ते, मनाजोगे असो वा नसो, वहीत लिहा. फॅरडेने फसलेले प्रयोगही लिहून ठेवले होते. आणि आपल्या विद्यार्थिनीला उत्तर सापडले, तेही क्षुल्लक म्हणून गाळता आली असती अशा एका ओळीत.

स्वाध्याय

१. यंत्र बंद पडल्यावर दिसून येणारे माणसांचे तीन प्रकार तुमच्या शब्दांत सांगा.

२. दिव्याला उलटसुलट प्रवाह चालतो, पण सेलला चालत नाही. ह्याचे कारण लिहा.

३. डायनमोची परीक्षा नुसत्या मल्टिमीटरने न करता दिवा जोडून का केली?

४. चार्जर मेजावर नीट चालला, पण सायकलीवर निम्मेच काम करू लागला. ह्याचे कारण आकृती काढून समजावून सांगा.

५. ‘सुटे भाग निर्दोष असतील, तर दोष त्यांच्या एकत्र येण्यात असला पाहिजे.’ यंत्राखेरीज दुसऱ्या एखाद्या उदाहरणाने हे वाक्य स्पष्ट करा.

६. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा : हात टेकणे, तोंडावर येणे, पाठ फिरवणे, पेच पडणे.

७. तुमच्या घरातील एखादी वस्तू बिघडली असता ती कशी दुरुस्त झाली, ह्याची दहा ओळींत नोंद लिहा. प्रत्येक पायरीला काय विचारले व काय उत्तर मिळाले, हे क्रमाने सांगा.